उणे दोन

निवाते मॅडमच्या शोकसभेत एका वक्त्याने माईक तोंडाशी धरून सांगितलं, "मॅडम आयुष्यात एकदाही चुकल्या नाहीत." शोकसभेत टाळ्या वाजवता येत नाहीत म्हणून लोकांनी माना डोलावल्या. मी मागच्या रांगेत होतो. पनवेलहून सकाळच्या गाडीने आलेलो, गुडघे दुखत होते, आणि हे वाक्य ऐकल्यावर डोकंही दुखायला लागलं. माणूस गेला की त्याच्या अंगावर लोक काय काय चढवतात त्याला सुमार नाही. मॅडम तिथे असत्या तर चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी वक्त्याला एवढंच विचारलं असतं, "ताळा केलात का?"

ताळा हा त्यांचा शब्द. उत्तर आलं की ते पुन्हा समीकरणात घालायचं, दोन्ही बाजू जुळतात का बघायचं आणि मगच पेन खाली ठेवायचं. आपण सगळेच हे शाळेत शिकतो आणि शाळेतच सोडून येतो. मॅडमनी ते सोडलं नाही. वाण्याने सांगितलेल्या भावाचा ताळा, डॉक्टरच्या गोळ्यांचा ताळा, प्राचार्यांच्या नोटिशीतल्या तारखेचा आणि वाराचा ताळा. एकदा नोटिशीत गुरुवार होता आणि तारीख शुक्रवारची निघाली. त्या दिवशी अर्धा स्टाफ चुकीच्या दिवशी मीटिंगला जाण्यापासून वाचला आणि कोणीही त्यांचे आभार मानले नाहीत.

स्वतःच्या चुकीबद्दल मात्र त्या आभार मानायच्या. फळ्यावर त्यांचं काही चुकलं आणि एखाद्या पोराने ते दाखवलं, की त्या "थँक्यू" म्हणायच्या, खडू त्याच्या हातात द्यायच्या आणि सरळ जाऊन त्याच्या बाकावर बसायच्या. उरलेलं उदाहरण त्याने सोडवायचं. एफवायची पोरं पहिल्या आठवड्यात मॅडमची चूक शोधायला टपलेली असत. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा उत्साह मावळायचा.

मॅडम महाडच्या ज्या कॉलेजात गणित शिकवायच्या, त्याच कॉलेजात मी ग्रंथपाल. गणिताचा आणि माझा संबंध दहावीला तुटला, त्याचं दोघांनाही दुःख नाही. तरी मॅडमचा अर्धा अल्जेब्रा माझ्या कानावर पडला, त्याला कारण महाडचा एसटी स्टँड. मॅडम दासगावच्या, मी पोलादपूरचा. आमच्या गाड्या विरुद्ध दिशांना जायच्या, पण वाट बघायचं बाकडं एकच होतं.

स्टँडवर इतर माणसं कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन विचारतात, "गाडी कधी येईल?" कंट्रोलर म्हणतो, "येईल आता." हे उत्तर मी नोकरीभर ऐकलं. मॅडम असं विचारायच्या नाहीत. त्या खिडकीत तोंड घालून विचारायच्या, "किती वाजेपर्यंत नक्की येणार नाही, तेवढं सांगा." पहिल्यांदा तो कंट्रोलर चक्रावला. "असं कुठं इचारतात काय मॅडम?" म्हणाला. पण येणार नाही हे सांगायला त्याला काही अडचण नव्हती. उलट त्यातच त्याची खात्री होती. पुढे पुढे तर मॅडम दिसल्या की तो स्वतःच खिडकीतून हाक मारायचा, "मॅडम, कापड्याची गाडी साडेपाचच्या आत नाय. शिवथर त्याच्या बी मागं."

झालं. साडेपाचपर्यंतचा वेळ मॅडमच्या ताब्यात. कापड्याची, शिवथरची, कुठल्या कुठल्या वाड्यांची पोरं त्या बाकड्याभोवती जमायची. कॉलेजातल्या तासाला झोपणारी पोरंसुद्धा इथे यायची, कारण दुसरं करण्यासारखं काही नसायचं. कोणी वहीवर, कोणी वर्तमानपत्राच्या समासात, कोणी नुसतं बोटाने मांडीवर उदाहरणं सोडवायचं. गाडी लागली की उदाहरण जिथे असेल तिथे सोडून पळायचं. उरलेलं गाडीत, नाहीतर घरी. दुसऱ्या दिवशी मॅडम नेमकं तिथूनच सुरू करायच्या. कोणाचं कुठे अडलंय ते त्यांना पाठ असायचं.

"समीकरण म्हणजे गाडी पाच वाजून दहा मिनिटांनी येणार," त्या पोरांना सांगायच्या. "असं कधी झालंय? असमानता म्हणजे साडेपाचच्या आधी नाही आणि सातच्या नंतर नाही. समीकरण पेपरात येतं रे. घरी जायला असमानताच लागते."

मी एकदा म्हणालो, "मॅडम, सातच्या नंतर नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तेही खरंच," त्या म्हणाल्या. "थँक्यू." आणि दुसऱ्या दिवशी पोरांना सांगताना त्यांनी सात काढून टाकले. वर माझं नाव घेऊन सांगितलं, हे ग्रंथपाल सरांनी दाखवलं. मी वर्तमानपत्रात तोंड घातलं.

असमानतेत एक खाच आहे, आणि तिच्यात पोरं हमखास पडतात. दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणलं की चिन्हाचं तोंड फिरवावं लागतं. दोन हे तीनपेक्षा लहान, पण उणे दोन हे उणे तीनपेक्षा मोठे. सांगून सांगून तोंडाला फेस आला तरी परीक्षेत पोरं विसरायची. शेवटी मॅडमनी वर्गात नियम केला: ऋणने गुणायची पायरी आली की सगळ्यांनी उभं राहायचं आणि अर्धी गिरकी घ्यायची. एक दिवस प्राचार्य राउंडला आले तर अख्खा वर्ग फळ्याकडे पाठ करून उभा आणि मॅडम शांतपणे लिहितायत. सरांना वाटलं बहिष्कार. दारातूनच घाबऱ्या आवाजात म्हणाले, "काय मागण्या आहेत यांच्या?"

"काही नाही सर," मॅडम म्हणाल्या, "उणे तीनने गुणलं." आणि पुढच्या पायरीला पुन्हा ऋण आलं, तसा तो सगळा वर्ग गर्रकन वळून सरांकडे तोंड करून उभा राहिला. सर "चालू द्या" म्हणाले आणि गेले. पुढे त्या मजल्यावर राउंड जरा कमीच झाले.

आता ज्या चुकीसाठी मी हे लिहायला बसलोय तिच्याकडे येतो.

आरती ढेबे नावाची मुलगी एफवायला होती. कापड्याच्या वर डोंगरात त्यांची वाडी. कापड्यापर्यंत एसटी, पुढे सगळा चढ. बाप म्हशी राखायचा, थोडी नाचणी-वरी करायचा. वाडीतून रोज कॉलेजला येणं शक्यच नव्हतं, म्हणून ती महाडात मुलींच्या हॉस्टेलवर राहायची. हॉस्टेलचा नियम असा की एकाच विषयात दोनदा नापास झालं की जागा गेली. आणि आरतीचा अल्जेब्रा पहिल्या फेरीत राहिला होता. म्हणजे उन्हाळ्यातल्या दुसऱ्या फेरीत तो निघाला तर कॉलेज, नाही निघाला तर ट्रंक उचलायची आणि वाडी गाठायची. एवढं साधं होतं ते. तिलाही माहीत होतं, मॅडमनाही.

तिला गाडी पकडायची नसायची, हॉस्टेल चालत पाच मिनिटांवर, तरी ती स्टँडवर यायची. बाकड्याच्या टोकाला बसून पुस्तकातला शब्दन् शब्द उतरवायची. एकदा होडीचं उदाहरण होतं. होडी नदीने चोवीस किलोमीटर वर जाते आणि तेवढीच परत येते. जाऊन येऊन पाच तास लागतात. पाणी स्थिर असेल तर होडी ताशी दहा किलोमीटर जाते. तर प्रवाहाचा वेग किती? आरतीने समीकरण बरोबर मांडलं, बरोबर सोडवलं. एक्सचा वर्ग चार आला. म्हणजे एक्स दोन, नाहीतर उणे दोन. मग तिने पुस्तकातलं ठरीव वाक्य लिहिलं, वेग ऋण असू शकत नाही म्हणून उणे दोन हे उत्तर टाकून दिलं, आणि खाली दोन रेघा मारल्या.

"का टाकलंस?" मॅडमनी विचारलं.

"पुस्तकात टाकलंय."

"पुस्तक टाकेल. तू टाकण्याआधी त्याला विचारलंस का, की बाबा तू कोण?"

मॅडमनी माझ्याकडे वळून विचारलं, "आज तिथी कोणती?"

ग्रंथपालाला काय वाट्टेल ते विचारलं तरी चालतं अशी लोकांची समजूत असते. मी शेजारच्या टपरीतल्या कॅलेंडरवर बघून सप्तमी सांगितली. "सप्तमी. सातची पाऊणपट सव्वापाच," मॅडम पुटपुटल्या. तिथीची पाऊणपट केली की समुद्रावरच्या भरतीची वेळ येते, हा त्यांच्या वडिलांचा हिशेब. दासगावपर्यंत खाडीने पाणी चढायला त्याहून थोडा उशीर. "अजून चढतंच असेल. चल. आणि सर, तुम्हीपण चला. हिला परत हॉस्टेलवर कोण सोडणार?"

अशा रीतीने माझी पोलादपूर गाडी गेली आणि मी दासगावच्या बंदरावर जाऊन उभा राहिलो. मॅडमचं घर तिथून दिसतं. त्यांच्या लहानपणी त्यांचं शेत खाडीच्या पलीकडे होतं. वडील भरतीवर होडी सोडायचे आणि ओहोटीवर घरी आणायचे. मॅडमनी काठावरचं एक नारळाचं सोडण, म्हणजे वरची सुकी साल, उचललं आणि पाण्यात टाकलं. ते समुद्राकडे जायचं सोडून हळूहळू महाडच्या दिशेला, म्हणजे नदीला वर, चालायला लागलं.

मी हे हजारदा बघितलेलं. आरतीने नव्हतं बघितलं. ती त्या सोडणाबरोबर काठाने चार पावलं गेली, थांबली आणि पुन्हा गेली.

"मॅडम, पाणी वर चाललंय."

"हो."

"आमच्याकडं पाणी वर जात नाय. वर न्यायचं तर हंड्यातनं."

"इथे जातं. सहा तास वर, सहा तास खाली. आता तुझी होडी यात घाल."

आरती खाली बसली. ओल्या रेतीवर काडीने तिने आकडे मांडले. ओहोटी असेल तर पाणी समोरून येणार: जायला तीन तास, यायला दोन. भरती असेल तर पाणी पाठीमागून येणार: जायला दोन, यायला तीन.

"पाचच येतात," ती म्हणाली.

"पाचच. आणि सहा तासांच्या आत बसतात. म्हणजे उणे दोन कोण?"

"भरती." आणि ती पोर हसली. वर्षभरात मी तिला पहिल्यांदा हसताना बघत होतो. मॅडमसुद्धा हसत होत्या. त्या दोघींच्या पायांत ओली रेती, माझ्या चपलेत चिखल, आणि घरी जेवण थंड होत असणार. तरी मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

मे महिन्यात निकाल लागला. आरती अल्जेब्रात नापास झाली, तीही अगदी काठावर. ग्रेसचे मार्क दुसऱ्या विषयात आधीच खर्ची पडले होते. त्या वर्षी पेपर बाहेरच्या कॉलेजात तपासायला गेले होते, म्हणून मॅडमनी तिच्याकडून अर्ज करवून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. ती आली तेव्हा मॅडम लायब्ररीत माझ्या टेबलासमोर बसल्या होत्या. पानं उलटता उलटता त्यांचा हात थांबला. मी वाकून बघितलं.

होडीचंच उदाहरण आलं होतं. आकडेही जवळजवळ तेच. आरतीने सगळं चोख सोडवलं होतं, आणि शेवटी तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं: दोन असेल तर ओहोटी, उणे दोन असेल तर भरती, दोन्ही उत्तरं बरोबर. खाली दोन्हींचा ताळासुद्धा केला होता. तपासणाऱ्याने त्या ओळींवर लाल फुली मारून उत्तराचे मार्क कापले होते. जेवढे कापले त्याहून कमी मार्कांनी ती नापास झाली होती.

मला राग आला, चांगलाच आला. म्हटलं, "मॅडम, हा सरळ अन्याय आहे. फेरतपासणीला टाका. वाटलं तर मी ड्राफ्ट करून देतो. खाडी कधी बघितली नसेल त्या माणसाने."

मॅडमनी प्रश्न पुन्हा वाचला. मग मोठ्याने वाचला. मग चष्मा कपाळावर सरकवला.

"सर, विचारलंय काय? प्रवाहाचा वेग. वेग दोनच. उणे हे चिन्ह दिशेचं आहे, आणि दिशा विचारलेलीच नाही. ही बाकी सगळं लिहून शेवटी 'म्हणून वेग दोन' एवढं लिहिती तर कोणाची हिंमत नव्हती मार्क कापायची. ती ओळ हिला मी शिकवली नाही. उणे दोन कोण ते दाखवलं आणि त्या आनंदात घरी गेले. तपासणारा बरोबर आहे."

"म्हणजे अर्ज नाही?"

"कशाच्या जोरावर करू?"

मी त्यांना म्हणालो, मॅडम, मुलीची हॉस्टेलची जागा जातेय. त्या म्हणाल्या, "ते मला माहीत आहे." आणि बराच वेळ ती झेरॉक्स पुढ्यात घेऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी कोणाला थँक्यू म्हटलं नाही. फक्त लायब्ररी बंद करताना मला विचारलं, "पोलादपूरहून कापड्याला सकाळची पहिली गाडी किती वाजेपर्यंत नक्की नसते?"

दुसऱ्या दिवशी आम्ही वाडीवर गेलो. मे महिन्याचं ऊन, हातात छत्री, अर्ध्या चढाला मॅडमनी चपला काढून हातात घेतल्या. आरतीचा बाप गोठ्याशी होता. केस पांढरे, खांद्यावर घोंगडी. आम्हाला बघून त्याने आत हाक दिली, "गो आरते, तुजी बाई आली, ताक आण." आरती ताक घेऊन आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. रडून डोळे सुजले होते.

मॅडमनी ताकाचा पेला खाली ठेवला आणि सरळ सांगितलं, "ढेबेदादा, आरती माझ्यामुळे नापास झाली."

"तुमच्यामुळं कशी? पेपर तिनं लिवला."

मॅडमनी समजावलं. होडी, खाडी, भरती. माझ्या मते फारच समजावलं. ढेबे ऐकत राहिला आणि एका जागी अडला.

"पाणी वर जातंय?"

"जातं. दासगावला."

"बाई, माजं केस पांढरं झालं पाण्यामागं. आमच्या बायकांच्या मानी मोडल्या. पाणी वर जाताना मी नाय बगितलं." त्याने लेकीकडे बघितलं. "आनि ह्ये तू पेपरात लिवलंस?"

आरतीने मान हलवली.

"हॉस्टेलची जागा गेली तरी माझं घर आहे," मॅडम म्हणाल्या. "दासगावहून कॉलेजला बस आहे. पुढची परीक्षा ती माझ्याकडे राहून देईल."

"ज्या घरात पाणी वर जातंय म्हनत्यात, त्या घरात पोर ठेवू?" ढेबे चिडला नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता. "सोमवारी महाडला येतो. ट्रंक आनतो तिची. बास झालं."

"आणा," मॅडम म्हणाल्या. "पण ट्रंक घेतली की आधी दासगावला या. पाणी बघा आणि मग काय ते ठरवा."

तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. उतरताना माझा पारा चढलेला होता. म्हटलं, "तुम्हाला हे सगळं सांगायची गरज काय होती? पेपर कठीण होता म्हणाला असतात तर मुलगी आत्ता आपल्याबरोबर खाली आली असती. भरती कशाला आणलीत मध्ये?"

"मग तो भलत्याच गोष्टीला हो म्हणाला असता. पुढे कधी ना कधी जुळलं नसतं." चार पावलं गेल्यावर त्यांनी विचारलं, "सोमवारी तिथी कोणती?"

मी म्हटलं, मला काय माहीत, मी काय भटजी आहे. त्या बोटांवर मोजून म्हणाल्या, "द्वादशी. चारनंतर पाणी वळेल. तुम्ही त्यांना घेऊन या. मी आणायला गेले तर त्यांना वाटेल ओढून नेतेय."

सोमवारी ढेबे आला. लेकीला घेऊन हॉस्टेलवर गेला, पत्र्याची हिरवी ट्रंक डोक्यावर घेऊन बाहेर आला आणि मला म्हणाला, "कुटं हाय तुमचं दासगाव?" गाडीत तो ट्रंकेवर हात ठेवून बसला. आरती खिडकीतून बाहेर बघत होती. त्या मुलीचं पुढचं सगळं आयुष्य एका खाडीच्या भरवशावर होतं आणि खाडी आमच्यापैकी कोणाचं ऐकणारी नव्हती.

मॅडम बंदरावर उभ्या होत्या. ओहोटी संपत आली होती. दोन्ही काठांना काळा चिखल उघडा पडलेला, मध्ये पाणी जवळजवळ थांबलेलं. ढेबेने ट्रंक एका दगडावर ठेवली.

"ह्ये तर उभं हाय," तो म्हणाला.

"थांबा थोडं," मॅडम म्हणाल्या. बाकी काही बोलल्या नाहीत. समजावून सांगणं त्यांनी वाडीवर पुरेसं केलं होतं. आता त्या हात मागे बांधून उभ्या राहिल्या. पण त्यांची बोटं एकमेकांत घट्ट अडकलेली मला दिसत होती. आरती खाली मान घालून बसली होती.

किती वेळ गेला ते मी बघितलं नाही. पाण्यावर तरंगणारी एक वाळकी काटकी आधी जागच्या जागी फिरली आणि मग महाडकडे सरकायला लागली. मॅडमनी दाखवली नाही. ढेबेने स्वतःच बघितली. त्याने खाली वाकून एक काडी मोडली आणि पाण्यात टाकली. तीही वर चालली. त्याने दुसरी काडी लांब, मधल्या धारेत फेकली. तीही तिकडेच. मग घोंगडी सावरत तो त्या काड्यांबरोबर काठाने चालत गेला, थेट पुढच्या वळणापर्यंत. तिथून परत आला आणि आणखी एक काडी टाकली. मॅडम ज्याला ताळा म्हणायच्या ते हेच, हे त्याला सांगायला कोणी गेलं नाही.

"आनि परत कवा जातंय?" त्याने लेकीला विचारलं.

"सहा तासांनी, आबा. जसं आलं तसं."

"म्हंजे तू लिवलंस त्ये खरं व्हतं."

"खरं होतं," मॅडम म्हणाल्या. "पण जे विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं. ते तिला मी शिकवायला हवं होतं. आता शिकवीन."

माझ्या परतीच्या गाडीची वेळ झाली होती आणि रस्त्यावर ती हॉर्न देत होती. मी "येतो" म्हटलं, पण कोणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी रस्त्यावर चढलो आणि धावत जाऊन गाडी पकडली. त्याच महिन्याच्या अखेरीला मी रिटायर झालो आणि मुलाकडे पनवेलला राहायला गेलो. पुढे मॅडमशी फोनवर बोलणं व्हायचं, भेट अशी झाली नाही. मी त्यांना बघितलं ते त्या दिवशी शेवटचं, एसटीच्या खिडकीतून.

गाडी हलली तेव्हा ढेबेने वाकून ट्रंक उचलली आणि डोक्यावर घेतली. आरतीने एका बाजूने धरायला हात पुढे केला, तो त्याने बाजूला सारला. मग त्याने मॅडमना काहीतरी विचारलं. मॅडमनी मागे बांधलेले हात सोडले आणि एका हाताने आपल्या घराकडे दाखवलं. ढेबे रस्त्याकडे पाठ करून त्या बाजूला चालायला लागला. मागून आरती, आणि तिच्या मागून चपला हातात घेतलेल्या निवाते मॅडम. मी खिडकीतून हात केला, पण त्यांनी वळून बघितलं नाही. त्यांचं सगळं लक्ष त्या ट्रंकेकडे होतं.